मातीत मिसळणे आणि दगडात उरणे

मृत्यूनंतर सजीवांच्या शरीराचे नेमके काय होते, ते कुजते तर मग जीवाश्म कुठून येतात, आणि जीवाश्म होत असतील तर सगळेच सजीव दगडात का सापडत नाहीत, अशा आशयाची बरीच पत्रे या वेळी आली. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले असून एकमेकांत गुंतलेले प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : प्राणी मेल्यावर त्याचे शरीर कुजण्याची सुरुवात केव्हा होते? बाहेरून जिवाणू येईपर्यंत ते जसेच्या तसे राहते का?

उत्तर : बाहेरून कोणी येण्याची वाट शरीर पाहत नाही. रक्ताभिसरण थांबले की पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो, परंतु पेशींतील रासायनिक क्रिया त्याच क्षणी थांबत नाहीत. प्राणवायूविना जेवढी ऊर्जा निघेल तेवढी काढताना पेशीत आम्ल साठत जाते, तिची आवरणे दुबळी होतात, आणि जिवंतपणी लायसोसोम नावाच्या सूक्ष्म पिशव्यांत बंदिस्त असलेली पाचक विकरे मोकळी होऊन त्या पेशीलाच पचवू लागतात. याला आत्मविघटन म्हणतात. ज्या अवयवांत विकरे मुळातच विपुल असतात ते आधी विरघळतात. स्वादुपिंड आणि जठराचे अस्तर यांचा क्रम पहिला लागतो. कंडरा आणि गर्भाशय मात्र बराच काळ तग धरतात.

मृत शरीर ताठ होते, तेही याच अवस्थेत. स्नायू आकुंचन पावण्यासाठी ऊर्जा लागते हे सर्वांना ठाऊक असते. परंतु आकुंचन पावलेला स्नायू पुन्हा सैल होण्यासाठीही एटीपी हा ऊर्जावाहक रेणू लागतो, हे सहसा ध्यानात येत नाही. हा साठा संपला की स्नायूंतील तंतू एकमेकांत अडकून राहतात. मानवी देहात हा ताठरपणा साधारण दोन ते सहा तासांत जाणवू लागतो, बाराएक तासांत पूर्ण होतो आणि पुढे दीड-दोन दिवसांत ओसरतो. तो ओसरतो याचे कारण स्नायूंना पुन्हा ऊर्जा मिळाली असे नसून, विकरांमुळे ती गुंतलेली प्रथिनेच तुटू लागली, हे असते.

यानंतरचे काम प्रामुख्याने आतड्यांतील जिवाणू करतात. जन्मभर ते तेथेच असतात, पण आतड्याचे अस्तर आणि रोगप्रतिकारक पेशी त्यांना आपल्या जागी रोखून धरतात. हा पहारा उठला की ते रक्तवाहिन्यांच्या वाटेने सर्वत्र पसरतात. शरीरातील प्राणवायू लवकरच संपत असल्यामुळे आता प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंची सरशी होते. त्यांनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड वायू रक्तातील हिमोग्लोबिनशी संयोग पावून हिरवट रंग तयार करतो, आणि माणसाच्या देहावर हा हिरवा डाग बहुधा पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला प्रथम दिसतो, कारण मोठ्या आतड्याचा जिवाणूंनी भरलेला आरंभीचा भाग तेथे त्वचेच्या सर्वांत जवळ असतो. प्रथिनांतील अमिनो आम्ले मोडताना पुट्रेसिन आणि कॅडॅव्हरिन ही द्रव्ये तयार होतात. सडण्याच्या दुर्गंधीत त्यांचा आणि गंधकयुक्त वायूंचा मोठा वाटा असतो. आपल्याला नकोसा वाटणारा हाच वास माश्यांना मात्र निमंत्रण ठरतो. हवामान उबदार असेल तर निळ्या-हिरव्या चकचकीत माश्या काही मिनिटांतच येऊन अंडी घालतात, एका दिवसाच्या आत-बाहेर अळ्या बाहेर पडतात आणि मऊ मांसाचा बहुतांश भाग त्याच संपवतात. उरलेली वाळकी कातडी आणि कंडरा खाण्यासाठी पुढे भुंगेरे येतात.

या सर्वांचा वेग तापमान, ओलावा आणि हवेचा संपर्क यांवर ठरतो. एकोणिसाव्या शतकातील जर्मन न्यायवैद्यकतज्ज्ञ योहान लुडविग कास्पर यांनी याचा एक ढोबळ नियम सांगितला होता : उघड्या हवेत एका आठवड्यात जेवढे विघटन होते तेवढे पाण्यात दोन आणि जमिनीखाली आठ आठवड्यांत होते. हे आकडे तंतोतंत धरायचे नसतात, पण त्यांतील मर्म पुढच्या सगळ्या उत्तरांत उपयोगी पडेल. पुरले जाणे म्हणजे विघटनाची गती मंदावणे. ती थांबते असे मात्र नाही.

प्रश्न : काही मृतदेह हजारो वर्षे केस आणि त्वचेसकट टिकून राहिल्याचे वाचले आहे. ते का कुजले नाहीत? त्यांना जीवाश्म म्हणायचे का?

उत्तर : विघटन करणाऱ्या जिवाणूंना पाणी लागते, सोसवेल एवढे तापमान लागते आणि आम्लता एका मर्यादेत असावी लागते. यांपैकी एखादी गोष्ट पुरेशी बिघडली की त्यांचे काम अडते. वाळवंटात पाणी नसते आणि गोठलेल्या जमिनीत असलेले पाणी बर्फाच्या रूपात असल्यामुळे वापरता येत नाही. दलदलीची गोष्ट याहून निराळी आणि माझ्या मते अधिक विचार करण्याजोगी आहे. तेथे पाणी मुबलक असते, पण स्फॅग्नम नावाच्या शेवाळामुळे ते आम्लधर्मी झालेले असते आणि त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. शिवाय या शेवाळातून निघणारी द्रव्ये चामडे कमावल्याप्रमाणे त्वचेवर क्रिया करतात. डेन्मार्कमध्ये १९५० साली पीट, म्हणजे दलदलीत साचलेले अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर, खणताना सापडलेला टोलुंड मानव सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचा आहे. परंतु त्याच्या चेहऱ्यावरील खुंट आणि सुरकुत्या इतक्या स्पष्ट होत्या, की अलीकडेच कोणाचा तरी खून झाला असावा असे वाटून तो सापडणाऱ्यांनी पोलिसांना बोलावले होते. अशा दलदलीत त्वचा टिकते आणि आम्लामुळे हाडांतील कॅल्शियम मात्र विरघळून जाते. सामान्य मातीत याच्या नेमके उलटे घडते. त्यामुळे काय टिकेल याचे उत्तर केवळ शरीराकडे पाहून देता येत नाही, ते कोठे पडले हेही पाहावे लागते.

सैबेरियाच्या यमाल द्वीपकल्पात २००७ साली सापडलेले ल्युबा हे मॅमथचे पिलू तर सुमारे ४२,००० वर्षांपूर्वीचे आहे. मृत्यूच्या वेळी ते जेमतेम महिन्याभराचे होते. त्याच्या शरीरात लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंची वाढ झाली आणि त्या आम्लामुळे इतर जिवाणू दूर राहिले, असे अभ्यासकांचे मत आहे. विघटनाला जिवाणूंनीच आळा घातल्याचे हे उदाहरण लक्षात ठेवावे.

आता शब्दाविषयी. जीवाश्म या शब्दात अश्म, म्हणजे दगड, असला तरी शास्त्रीय व्याख्येला दगड होण्याची अट नाही. प्राचीन सजीवाचा कोणताही अवशेष किंवा त्याच्या वावराची खूण जीवाश्मात मोडते. संकेत म्हणून साधारण १०,००० वर्षांची मर्यादा मानली जाते. त्यामुळे ल्युबा जीवाश्म ठरते, टोलुंड मानव ठरत नाही. पाऊलखुणा, बिळे आणि विष्ठादेखील या व्याख्येत बसतात. टांझानियातील लेटोली येथे ज्वालामुखीच्या ओल्या राखेवर उमटलेल्या, सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीच्या पाऊलखुणांवरून आपले पूर्वज तेव्हाच दोन पायांवर चालत होते हे कळले. हाडाच्या तुकड्यावरून चालण्याचे अनुमान करावे लागते. येथे प्रत्यक्ष चालच शिल्लक आहे.

प्रश्न : हाडाचा दगड होतो म्हणजे नेमके काय होते? हाड नाहीसे होऊन त्या जागी दगड येतो, की हाडच बदलते?

उत्तर : दोन्ही प्रकार घडतात, तरीही हाडांच्या बाबतीत दुसऱ्याला अधिक महत्त्व आहे, आणि सर्वसाधारण समज नेमका याच्या उलट असतो.

ताजे हाड हे दोन घटकांचे मिश्रण असते. वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग हायड्रॉक्सिअॅपेटाइट या कॅल्शियम-फॉस्फेटयुक्त खनिजाचा असतो आणि उरलेल्यात मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन असते. म्हणजे हाडातील बराचसा भाग जिवंतपणीच खनिज असतो. पुरल्यानंतर कोलॅजेन हळूहळू विघटित होते. रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्या आणि पेशींची घरे रिकामी होतात. त्या पोकळ्यांतून भूजल झिरपते आणि त्यात विरघळलेली सिलिका, कॅल्शियम कार्बोनेट किंवा लोहाची संयुगे तेथे स्फटिकांच्या रूपाने साचतात. याला खनिजभरण म्हणावे. त्यामुळेच जीवाश्म झालेले हाड हाताला जड लागते. त्याच वेळी मूळ खनिजही हळूहळू बदलत असते. त्यातील हायड्रॉक्सिल गटांची जागा भूजलातील फ्लोराइड घेते आणि ते अधिक स्थिर, कमी विद्राव्य बनते. थोडक्यात, संग्रहालयातील डायनोसॉरच्या हाडात मूळच्या फॉस्फेटचा अंश बहुधा अजून असतो. त्याची घडण बदललेली असते आणि त्यातील पोकळ्या दगडाने भरलेल्या असतात. अशा हाडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर रक्तवाहिन्यांचे मार्ग आणि झाडांप्रमाणे वर्षागणिक पडलेली वाढीची वलयेही दिसतात. त्यांवरून प्राणी किती वर्षांचा होता आणि किती वेगाने वाढत होता याचा अंदाज येतो.

फ्लोराइड शोषण्याच्या या गुणामुळे विज्ञानातील एक गाजलेली लबाडी उघडकीस आली. इंग्लंडमधील पिल्टडाउन येथे सापडल्याचे १९१२ साली जाहीर झालेले कवटीचे आणि जबड्याचे अवशेष माणूस आणि वानर यांच्यामधला दुवा म्हणून चार दशके मिरवले गेले. पुढे त्यांतील फ्लोरीन मोजले, तेव्हा ते त्या थरातील खऱ्या प्राचीन हाडांइतके जुने असूच शकत नाहीत हे स्पष्ट झाले, आणि १९५३ साली माणसाची कवटी व ओरांगउटानचा जबडा एकत्र करून केलेला तो बनाव जाहीर झाला.

पूर्ण बदली होण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे लाकूड आणि शंख-शिंपले. सिलिकायुक्त पाणी लाकडात मुरले की आधी पेशींच्या पोकळ्या भरतात आणि पुढे पेशींच्या भिंती जसजशा नाहीशा होतात तसतशी सिलिका त्यांचीही जागा घेते. अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात २० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे असे ओंडके विखुरलेले आहेत. नदीच्या गाळाने ते झाकले गेले आणि ज्वालामुखीच्या राखेतून सिलिका मिळाली. शिंपल्यांच्या बाबतीत कित्येकदा मूळ कवच पूर्ण विरघळून जाते आणि खडकात फक्त त्याचा साचा उरतो; त्या साच्यात नंतर दुसरे खनिज भरले तर शिंपल्याची हुबेहूब प्रतिकृती तयार होते, पण तिच्यात शिंपल्याचा कणही नसतो.

प्रश्न : या क्रियेला लाखो वर्षे लागतात ना?

उत्तर : जीवाश्म लाखो वर्षे जुने असतात, म्हणून ते तयार व्हायलाही लाखो वर्षे लागतात असे मानण्याकडे कल असतो. हा गैरसमज पाठ्यपुस्तकांतील चित्रांमुळे पक्का होतो आणि तो दूर व्हायला हवा असे मला मनापासून वाटते. विचार करा : मऊ अवयव काही दिवसांत नाहीसे होणार असतील, तर त्यांचा ठसा उमटण्याची क्रियाही त्याच दिवसांत सुरू झाली पाहिजे. प्रयोगशाळेत कोळंबीसदृश प्राणी बंद भांड्यात कुजू दिले असता त्यांच्या स्नायूंवर कॅल्शियम फॉस्फेटचे साठे काही आठवड्यांतच चढलेले आढळले. जपानमधील सिलिकायुक्त गरम झऱ्यात ठेवलेल्या लाकडात सात वर्षांत वजनाच्या जवळजवळ ४० टक्के सिलिका मुरली. मोठ्या हाडातील सगळ्या पोकळ्या भरून येण्यास अर्थातच पुष्कळ अधिक काळ लागतो, आणि गाळाचा खडक होण्यास त्याहूनही अधिक. परंतु एखादा जीव टिकणार की नाही, याचा निकाल बहुतेक वेळा आरंभीच्या दिवसांत लागलेला असतो.

प्रश्न : जेलीफिश, गांडूळ यांसारख्या प्राण्यांना हाड नाही, कवच नाही. तरी त्यांचे जीवाश्म सापडतात. हे कसे शक्य आहे?

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो, कारण कुजणे आणि जीवाश्म होणे यांचे खरे नाते येथेच उलगडते. ज्या जिवाणूंमुळे शरीर नष्ट होते, त्यांच्याच क्रियेमुळे कित्येकदा त्याचा ठसाही उमटतो.

समुद्रतळाच्या चिखलात एखादा मऊ प्राणी अचानक गाडला गेला असे समजा. आसपासचा प्राणवायू थोड्याच वेळात संपतो. मग समुद्राच्या पाण्यातील सल्फेट वापरून जगणारे जिवाणू पुढे सरसावतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडू लागतात. चिखलात विरघळलेले लोह असेल तर या वायूशी त्याचा संयोग होऊन पायराइट हे सोनेरी खनिज तयार होते, आणि ते नेमके तेथेच साचते जेथे कुजणारे मांस आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या एका पातळ थरात ट्रायलोबाइट या प्राण्यांचे नाजूक पाय आणि स्पर्शिकाही अशाच पायराइटमध्ये टिकून आहेत. एरवी जगभर त्यांच्या पाठीचे टणक कवच तेवढे सापडते. काही ठिकाणी लोहाचे कार्बोनेट कुजणाऱ्या देहाभोवती गोळ्याच्या रूपात घट्ट होते. इलिनॉय राज्यातील मॅझन क्रीक येथील असे गोळे फोडले की आत जेलीफिश, कृमी आणि पानांचे ठसे मिळतात. सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्यांभोवतीची पेटी त्यांच्या स्वतःच्या कुजण्यातून तयार झाली.

कॅनडातील बर्जेस शेल हा या सर्वांत प्रसिद्ध खडक. १९०९ साली चार्ल्स वॉलकॉट यांना तेथे सुमारे ५० कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचे सागरी प्राणी मिळाले. चिखलाच्या लोंढ्यांखाली ते गाडले गेले आणि त्यांची शरीरे कार्बनच्या अत्यंत पातळ पापुद्र्याच्या रूपात उरली. डोळे, कल्ले आणि काहींची आतडीसुद्धा ओळखता येतात.

तरीही असे जीवाश्म पाहताना एक सावधगिरी बाळगावी लागते. प्राणी गाडला जाण्याआधी थोडासा कुजला असेल तर त्याचे कोणते भाग आधी गळून पडले? ब्रिटनमधील संशोधकांनी याचे उत्तर शोधण्यासाठी लॅम्प्रे हे जबडा नसलेले मासे आणि अँफिऑक्सस हे माशासारखे दिसणारे साधे प्राणी कुजू दिले व काय केव्हा नाहीसे होते याची नोंद ठेवली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले, की ज्या वैशिष्ट्यांवरून प्राण्याचा नेमका गट ओळखता येतो ती आधी नष्ट होतात आणि सर्वांत सामान्य, प्राचीन धाटणीची वैशिष्ट्ये शेवटपर्यंत राहतात. परिणामी अर्धवट कुजलेला प्राणी प्रत्यक्षात होता त्यापेक्षा अधिक आदिम भासतो. उत्क्रांतीच्या वृक्षावर त्याला चुकीच्या फांदीवर, बहुधा बुंध्याच्या दिशेला, बसवले जाण्याचा धोका असतो. सडणाऱ्या माशांच्या भांड्यांवर महिनोन्‌महिने लक्ष ठेवण्याचे काम कोणाला आकर्षक वाटणार नाही, पण ५० कोटी वर्षांपूर्वीचे ठसे योग्य रीतीने वाचण्याची किल्ली त्यातूनच मिळाली. मृत्यूपासून जीवाश्म होईपर्यंतच्या या प्रवासाचा अभ्यास करणाऱ्या शाखेला टॅफोनॉमी म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ इव्हान येफ्रेमोव्ह यांनी १९४० साली ग्रीक भाषेतील थडगे या अर्थाच्या शब्दावरून हे नाव घडवले. मराठीत तिला दफनविज्ञान म्हणायला हरकत नसावी.

प्रश्न : आजवर असंख्य प्राणी मेले. मग जीवाश्म इतके थोडे का?

उत्तर : कारण वाटेतील प्रत्येक टप्प्यावर गळती होते. केनियातील अंबोसेली येथे अॅना बेहरेन्समेयर यांनी उघड्यावर पडलेल्या सस्तन प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध केला. ऊन आणि ओल यांच्या आळीपाळीने होणाऱ्या माऱ्यामुळे हाडांना आधी भेगा पडतात, मग पापुद्रे सुटतात आणि साधारण दहा-पंधरा वर्षांत त्यांचा चुरा होतो. म्हणजे त्यापूर्वी गाळाने झाकले जाणे अत्यावश्यक. झाकले गेले तरी आम्लधर्मी माती त्यांना विरघळवते. त्यातून वाचले तर खडक भूगर्भात खोल जाऊन उष्णतेने रूपांतरित होऊ शकतो. तेथूनही सुटून खडक वर आला तर त्याची झीज होऊन आतील हाडे उघडी पडतात, आणि ती पाहणारा कोणी त्याच सुमारास तेथे पोहोचला नाही तर पुन्हा मातीत जातात.

टायरॅनोसॉरस रेक्स या डायनोसॉरबाबत २०२१ साली एक अंदाज मांडला गेला. त्यानुसार एका वेळी सुमारे २०,००० प्रौढ प्राणी हयात असत आणि ही जाती अस्तित्वात होती त्या संपूर्ण काळात एकंदर सुमारे २५० कोटी प्राणी होऊन गेले असावेत. त्यांपैकी आपल्याला साधारण आठ कोटींमागे एक जीवाश्म मिळाला आहे. या अंदाजात अनिश्चितता बरीच आहे, परंतु प्रमाण किती विषम आहे हे त्यावरून कळते.

ही गळती सर्वांच्या बाबतीत सारखीही नसते. उथळ समुद्राच्या तळाशी गाळ सतत साचत असल्यामुळे कवचधारी सागरी प्राणी विपुल सापडतात. डोंगरमाथ्यावर गाळ साचत नाही, तेथे झीजच होते, म्हणून तेथील प्राणी जवळजवळ सापडत नाहीत. दातांवरील एनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असल्याने कित्येक प्राचीन सस्तन प्राणी आपल्याला केवळ दातांवरून माहीत आहेत. लॉस एंजेलिसमधील ला ब्रेआ येथील डांबराच्या खड्ड्यांत तर शिकारी प्राणी भक्ष्यांपेक्षा अधिक सापडतात. निसर्गात असे प्रमाण असूच शकत नाही. एखादा तृणभक्षी प्राणी डांबरात रुतला की त्याच्या आशेने अनेक लांडगे येत आणि तेही अडकत, हे त्याचे कारण. जीवाश्मांची मोजदाद ही प्राचीन जगाची जनगणना नव्हे, हे अभ्यासकांना सतत ध्यानात ठेवावे लागते.

प्रश्न : दगडी कोळसा आणि खनिज तेल यांना जीवाश्म इंधन म्हणतात. ते डायनोसॉरपासून बनले का?

उत्तर : नाही. खनिज तेल मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म शैवाल आणि प्लवकांच्या अवशेषांपासून बनले आहे, तर दगडी कोळसा वनस्पतींपासून. लाकडातील लिग्निन हा पदार्थ पचवणे अवघड असते. पांढरी कूज घडवणाऱ्या बुरशा तो मोडू शकतात, तर तपकिरी कूज घडवणाऱ्या बुरशा सेल्युलोज खाऊन लिग्निन बहुतांशी मागे ठेवतात. यावरून असे सांगितले जात असे, की सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या कार्बनी कालखंडात लिग्निन पचवणारी बुरशीच नव्हती, म्हणून कोळशाचे एवढे साठे झाले. ही कल्पना आकर्षक असली तरी पुरावा तिच्या बाजूने नाही. त्या काळच्या कोळशातील बराचसा भाग लिग्निन कमी असलेल्या वनस्पतींचा आहे. विषुववृत्तावरील विस्तीर्ण दलदली आणि सतत खचत जाणारी खोरी हे कारण अधिक पटते. पडलेली झाडे प्राणवायूविरहित पाण्यात बुडत आणि त्यांच्यावर नवे थर चढत.

प्रश्न : अंबरमध्ये अडकलेल्या डासातून डायनोसॉरचा डीएनए मिळवता येईल का?

उत्तर : दुर्दैवाने येणार नाही. अंबर म्हणजे झाडांच्या राळेचा जीवाश्म. त्यात कीटकांचे पंख आणि केसही उत्तम टिकतात, पण आकार टिकणे आणि रेणू टिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. १९९० च्या दशकात अंबरमधून अतिप्राचीन डीएनए मिळाल्याचे दावे झाले, ते पुन्हा तपासताना टिकले नाहीत. २०१३ साली तर अंबरपेक्षा कितीतरी तरुण अशा कोपल राळेतील मधमाश्यांतही विश्वासार्ह डीएनए आढळला नाही. न्यूझीलंडमधील नामशेष झालेल्या मोआ पक्ष्यांच्या हाडांवरून २०१२ साली काढलेल्या हिशेबानुसार, सुमारे १३ अंश सेल्सिअस तापमानात डीएनएच्या ठरावीक लांबीच्या तुकड्यांचे प्रमाण दर ५२१ वर्षांनी निम्मे होते. थंडीत हा ऱ्हास खूपच मंदावतो. म्हणूनच ग्रीनलंडच्या गोठलेल्या गाळातून सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा डीएनए मिळाल्याचे २०२२ साली जाहीर झाले. शेवटचे महाकाय डायनोसॉर मात्र ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले.

रंगाच्या बाबतीत बातमी अधिक चांगली आहे. पिसांतील रंगद्रव्य साठवणाऱ्या मेलॅनोसोम या सूक्ष्म कणांचे आकार काही जीवाश्मांत टिकले आहेत, आणि त्यांची आजच्या पक्ष्यांशी तुलना करून चीनमधील सायनोसॉरोप्टेरिक्स या लहान डायनोसॉरच्या शेपटीवर तांबूस व पांढरे पट्टे होते हे २०१० साली सांगता आले. प्राण्याचा रंग कधीच कळणार नाही असे त्याआधी पुस्तकांत बिनदिक्कत लिहिले जात असे.

प्रश्न : एका दगडाच्या भेगेत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली. तो जीवाश्म असेल का? आणि खरा जीवाश्म सापडला तर तो काढून घ्यावा का?

उत्तर : वर्णनावरून ती बहुधा मँगनीजच्या ऑक्साइडची नक्षी असावी. भेगेत झिरपणाऱ्या पाण्यातून हे खनिज फांद्या फुटत गेल्याप्रमाणे साचते. पानाला मधली शीर आणि ठरावीक कडा असते. या नक्षीत फांद्या कुठेही फुटतात आणि शिरा नसतात. भिंगातून पाहिल्यास फरक सहज कळेल.

खरा जीवाश्म वाटला तर तो जागेवरून हलवू नये. हाडे एकाच दिशेला रांगेने पडली असतील तर वाहत्या पाण्याने ती तशी लावलेली असू शकतात. सांगाडा सलग असेल तर तो लवकर झाकला गेला. हाडे विखुरलेली आणि दातांच्या खुणा असलेली असतील तर गाडले जाण्याआधी ती कोणी तरी खाल्ली. नेब्रास्का राज्यातील अॅशफॉल येथे सुमारे १ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे गेंडे ज्या स्थितीत कोसळले त्याच स्थितीत राखेत आढळले. खालच्या थरांत लहान प्राणी आणि वरच्या थरांत गेंडे, या क्रमावरूनच ज्वालामुखीची राख श्वासावाटे आत जाऊन लहान प्राणी आधी आणि मोठे प्राणी नंतर दगावले हे समजले. तेथून एखादी कवटी कोणी घरी नेली असती, तर कवटी मिळाली असती आणि हा क्रम हरवला असता. म्हणून शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, जागेची नेमकी नोंद करावी आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा संग्रहालयाला कळवावे.